जुनी दांडी आणि नवें यंत्र

वैमानिकाच्या हातांतील दांडीला इंग्रजींत 'जॉयस्टिक' म्हणतात. संगणकाच्या पडद्यावर उड्डाणाचा आभास निर्माण करणाऱ्या आज्ञावल्या निघाल्या, तेव्हां तीच दांडी लहान रूपानें घरांतील मेजावर आली. अशा कित्येक दांड्या आज तीस वर्षांहून जुन्या आहेत. त्यांचे सांधे मजबूत आहेत, स्प्रिंगा ताठ आहेत. परंतु त्यांची तार खोवावयास आजच्या संगणकाला जागाच नाहीं. धडधाकट वस्तु निकामी कां ठरते आणि ती पुन्हां कामास कशी लावतां येते, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

१९८१ सालीं अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक विक्रीस काढला आणि त्याबरोबर खेळाच्या दांड्यांसाठीं पंधरा पिनांची जोडणी असलेलें एक कार्डही उपलब्ध करून दिलें. पुढील वर्षीं ब्रूस आर्टविक यांनीं रचलेला 'फ्लाइट सिम्युलेटर' मायक्रोसॉफ्ट कंपनीनें बाजारांत आणला.

या जोडणीमागील युक्ति साधी होती. रेडिओचा आवाज लहानमोठा करणारी कळ असते, तसे दोन विद्युत्-रोधक दांडीच्या बुडाशीं असत. एक डाव्या-उजव्या हालचालीसाठीं, दुसरा पुढील-मागील हालचालीसाठीं. दांडी कलेल तसा विजेला होणारा रोध शून्यापासून सुमारें एक लक्ष ओहमपर्यंत बदले. कार्डावर विजेचा सांठा करणारा कपॅसिटर असे. आपल्याकडे पूर्वीं मुहूर्त साधण्यासाठीं घंगाळांतील पाण्यावर घटिकापात्र सोडीत. बुडाच्या छिद्रांतून पाणी शिरून पात्र बुडालें, कीं एक घटका भरली. छिद्र बारीक असेल, तर पात्र उशिरां बुडेल. अर्थात् लागलेल्या वेळावरून छिद्राचें माप सांगतां येईल. संगणक नेमकें हेंच करी. रोध जितका अधिक, तितका कपॅसिटर भरावयास वेळ अधिक. हा वेळ सुमारें २४ पासून १,१२४ मायक्रोसेकंदांपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असे. तो मोजून संगणक दांडीची स्थिति ओळखी.

या पद्धतींत दोष होते. मोजणी चालू असतां संगणक त्या कामांत गुंतून पडे. शिवाय संगणक जसे वेगवान झाले, तशी तीच दांडी निराळें माप दाखवूं लागली; म्हणून वेग जुळवून घेणारीं कार्डें काढावीं लागलीं. पुढें कारखानदारांनीं दांडीच्या पोटांतच चिप बसवून अंकांच्या रूपानें निरोप पाठविण्याची सोय केली. मायक्रोसॉफ्टची १९९५ ची 'साइडवाइंडर थ्रीडी प्रो' ही अशा प्रकारची. जोडणी तीच राहिली. सांकेतिक भाषा मात्र प्रत्येक कारखान्याची वेगळी झाली.

१९९६ सालीं यू. एस. बी. जोडणीचे नियम प्रसिद्ध झाले. या रीतीनें जोडलेली दांडी आपल्याला बटणें किती व हालचालीच्या दिशा कोणत्या, हें आपण होऊन संगणकास सांगते. २००७ सालीं सामान्य ग्राहकांच्या हातीं आलेल्या 'विंडोज व्हिस्टा'नें जुन्या जोडणीची सोय काढून टाकली आणि जुन्या दांड्या मुक्या झाल्या.

त्यांना पुन्हां वाचा देण्याचें काम हौशी लोकांनीं केलें. साध्या दांडीचें काम सोपें होतें, कारण आय. बी. एम.नें आपल्या कार्डाचा आराखडा तांत्रिक पुस्तकांत छापलेला होता. २०१२ सालीं 'आर्डुइनो लिओनार्डो' ही छोटी पाटी निघाली. तिच्यावरील चिप यू. एस. बी.ची भाषा स्वतःच बोलते. दांडींतील रोधकाला तीन टोंकें असतात. जुन्या जोडणींत बहुधा दोनच वापरीत. तिसरें टोंक ग्राउंडला जोडलें, कीं मधल्या टोंकावर दांडीच्या कलाप्रमाणें विजेचा दाब कमीअधिक होतो आणि पाटी तो ० ते १०२३ या आंकड्यांत वाचते. रोधक झिजला असेल, तर त्याच्या जागीं चुंबक व हॉल-संवेदक बसवितात. एडविन हॉल यांनीं १८७९ सालीं शोधलेल्या गुणधर्मावर तो चालतो; त्यांत घर्षण नसल्यामुळें झीजही होत नाहीं.

चिपवाल्या दांड्यांची गोष्ट बिकट होती. बाजारांतील साधे परिवर्तक त्यांना निरुपयोगी. त्यांची भाषा कळल्यावांचून इलाज नव्हता. लिनक्स प्रणालीवर काम करणाऱ्यांनीं अशा कित्येक भाषा समजून घेणाऱ्या आज्ञावल्या लिहिल्या व सर्वांस खुल्या ठेवल्या. १९९७ च्या 'साइडवाइंडर फोर्स फीडबॅक प्रो' या दांडींत हाताला धक्के देणाऱ्या मोटारी आहेत. त्यांना हुकूम जातात ते वाद्यांसाठीं ठरविलेल्या 'मिडी' पद्धतीनें. हें समजल्यावरच ती दांडी नव्या यंत्रावर पुन्हां थरथरूं लागली.

मोडी लिपींतील दप्तरांचीही अशीच अवस्था आहे. कागद शाबूत, शाई ठळक. पण वाचणारे थोडे. वस्तु टिकविण्यास लोखंड व लांकूड पुरत नाहीं, तिची रीत जाणणारा कोणीतरी असावा लागतो. ज्या दांडीची रीत पुस्तकांत छापलेली होती, ती आजचा शाळकरी मुलगाही दुरुस्त करूं शकतो. जिची रीत कारखान्याच्या कपाटांत राहिली, तिला कोणाच्या तरी चिकाटीची वाट पाहावी लागली. म्हणून कारखानदारानें एखादें उपकरण बनविणें खुशाल थांबवावें; परंतु थांबण्यापूर्वीं त्याची भाषा लोकांच्या हातीं ठेवावी.