बंदुकीवरील दुर्बीण

बंदुकीवर दुर्बीण बसविण्याची कल्पना कांहीं आजची नव्हे. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत निवडक नेमबाज जवळजवळ नळीएवढ्या लांब दुर्बिणी वापरीत. साध्या शिकाऱ्याच्या आटोक्यांत ही वस्तु आली ती १९३० सालीं. विल्यम वीव्हर या तरुण कारागिरानें बैठकीसह अवघ्या १९ डॉलरांत ती विकावयास काढली.

प्रश्न राहिला भरंवशाचा. नळींत शिरलेल्या दमट हवेची ओल थंडी पडतांच भिंगांच्या आंतल्या बाजूस धरे, आणि ती कांहीं रुमालानें पुसतां येत नसे! समोर हरिण उभें, दुर्बिणींत नुसतें धुकें. अशा वेळीं अंदाजानें झाडलेल्या गोळीनें जखमी झालेलें जनावर झाडींत शिरून तडफडत राही. ऑरेगॉनमधील मार्कस लियुपोल्ड यांची शिकार अशीच हुकली, असें सांगतात. जमीनमोजणीचीं उपकरणें करणें हा त्यांच्या घरचा धंदा. १९४७ सालीं त्यांच्या कारखान्यानें नळींतील हवा काढून कोरडा नायट्रोजन भरला व सांधे पक्के मिटविले.

गिऱ्हाईक मात्र अजून पहिल्यानें विचारतें तें 'किती पट मोठें दिसतें?' एवढेंच. दाट रानांत चौपट पुष्कळ झाली. त्याहून वाढविली कीं दृष्टीचा टापू आकसतो व पळतें जनावर सांपडतच नाहीं. जुने शिकारी तर दुर्बीण झटकन् निघेल अशी बसवीत, आणि नळीवरील नेमाची साधी माशी जागच्या जागीं ठेवीत.