राजाचा हुकूम आणि आमचा साबण

या पावसाळ्यात आमच्या नातीने घरी साबण करायचा घाट घातला. खोबरेल, कॉस्टिक सोडा, छोटा काटा, साचे, सगळं जमवलं. दोन दिवसांनी वडी बाहेर काढली तर ती मऊ, चिकट आणि वर तेलाचे थेंब!

"आजी, असं का झालं गं?"

"आजोबांना विचार. त्यांना साबणातलं फार कळतं," असं म्हणून ही आत निघून गेली.

तर मंडळी, या टोमण्यामागे १९७८ सालचा इतिहास आहे. तेव्हा आम्ही डोंबिवलीत दोन खोल्यांत राहत होतो. शिक्षकाचा पगार वीस तारखेलाच संपायचा. हिने एका वर्गात साबण शिकून घेतला आणि जूनमध्ये बिल्डिंगमध्ये विकायला सुरुवात केली. साबण असाच मऊ पडू लागला. मी इतिहास शिकवणारा माणूस, पण ठासून सांगितलं, "सोडा कमी पडतोय, वाढव." दिवाळीला सोड्याचा नवा डबा आणला आणि पैसे वाचावेत म्हणून निम्म्या खोबरेलाऐवजी कल्याणहून करंज तेल आणायचा सल्लाही मीच दिला. या वेळी वडी पांढरीफटक झाली, तारेने कापताना भुगा पडू लागला. शेजारच्या वहिनींचे हात सोलवटले. हिने सगळ्यांचे पैसे परत केले आणि पातेलं माळ्यावर टाकलं. "हिला जमलं नाही" असंच सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

निवृत्तीनंतर वाचनात फ्रान्सचा राजा चौदावा लुई आला. १६८८ साली, म्हणजे आपल्याकडे संभाजी महाराज गादीवर असताना, त्याने साबणाबद्दल हुकूम काढला. साबणात ऑलिव्हच्या तेलाशिवाय दुसरं तेल वा चरबी घालायची नाही आणि जून, जुलै, ऑगस्टमध्ये साबण करायचाच नाही, कारण त्या उष्णतेत साबण बिघडतो! मार्सेय शहराचा साबण याच नियमांवर नावारूपाला आला. साबणाचा पोत ऋतूवर अवलंबून असतो हे त्या कारागिरांना अनुभवाने ठाऊक होतं. त्यांचे तीन महिने उन्हाचे, आपले नेमके पावसाचे.

कारण कळायला मात्र आणखी शंभरावर वर्षं गेली. शेव्रल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२३ च्या ग्रंथात दाखवलं की तेलातली आम्लं अल्कलीशी जुळून साबण होतो आणि ग्लिसरीन सुटं होतं. प्रत्येक तेलाची सोड्याची भूक वेगळी. किलोभर खोबरेलाला साधारण १८३ ग्रॅम सोडा लागतो, करंज तेलाला १३० ते १३५ ग्रॅमच. सोडा कमी पडला तर तेल सुटतं, जास्त झाला तर वडी भुसभुशीत होते आणि हात भाजते.

आपल्याकडे हा पोताचा प्रश्न अर्देशीर गोदरेजांपुढेही होता. तेव्हाच्या अनेक साबणांत जनावरांची चरबी असे, तिने वडी टणक होते आणि टिकते. नुसत्या खोबरेलाची वडीही कडक होते, फेसही भरपूर, पण ती लवकर झिजते आणि कातडी कोरडी करते. चरबी टाळून चांगली वडी करणं हे सोपं काम नव्हतं. गोदरेजांनी १९१८ च्या सुमारास वनस्पती तेलाचा 'चावी' साबण काढला, पुढे 'नंबर २' आणि मग १९२२ मध्ये 'नंबर १'. त्याला जगातला पहिला वनस्पती तेलाचा साबण म्हणतात, ते मार्सेयची गोष्ट वाचल्यावर पटत नाही. पण स्वदेशीच्या काळात, चरबीला शिवायचं नाही म्हणणाऱ्या घरांत तो पोचला, हे मोठेपण पुरेसं आहे.

आता आमचा निकाल. कॉस्टिक सोडा हवेतलं पाणी ओढतो. जूनमध्ये उघड्या डब्यातला सोडा पाणावला होता, काट्यावर आम्ही पाणीच तोलत होतो. म्हणून साबण मऊ. दिवाळीला सोडा कोरडा, माझ्या सांगण्याने वाढवलेला आणि तेल कमी भुकेचं. म्हणून भुगा. हिच्या हाताला दोष नव्हता.

नातीची पिशवीही जुलैभर उघडीच होती. तिला सांगितलं, नवा बंद पुडा आण, घट्ट झाकणात ठेव, तेल बदललंस तर सोडा पुन्हा मोज. मिश्रणाची धार वर रेघ उमटवून राहीपर्यंत घोट, वड्या चार-सहा आठवडे वाऱ्यावर सुकव. घरच्या साबणात ग्लिसरीन राहतं, त्यामुळे पावसात वडीला घाम येतो, त्याला घाबरू नकोस. कारखान्यात ते मिठाच्या पाण्याने वेगळं काढतात.

हे सगळं हिच्यासमोर सांगितलं आणि चूक माझी होती हेही. ही भाजी निवडत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या वहिनी असत्या तर त्यांना सांगायला हवं होतं."

त्या जाऊन बरीच वर्षं झाली. असो. नवा साबण दसऱ्यानंतरच करायचा असं ठरलं आहे. काटा हिच्या हातात राहील.