बनारसमधील बाल-एचआयव्ही उपचार आणि सीडी४ची मोजणी

भारतात मोफत एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. मुलांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम २००६च्या अखेरीस आला. वाराणसीत बनारस हिंदू विद्यापीठाच्या सर सुंदरलाल रुग्णालयातील केंद्रातून ही औषधे मिळू लागली. उपचार फसतोय का, हे तेव्हा मुख्यतः रक्तातील सीडी४ या रोगप्रतिकारक पेशींच्या संख्येवरून ठरे. लहानग्यांत या पेशी मुळातच जास्त असतात आणि वयानुसार घटतात, म्हणून पाच वर्षांखालील मुलांत संख्येऐवजी त्यांची टक्केवारी पाहत. पण हा निकष आंधळाच: विषाणू वाढल्यावर पेशी बऱ्याच उशिरा घसरतात, तर साध्या तापानेही त्या तात्पुरत्या कमी होतात. २०१३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व्हायरल लोडला, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजण्याला, पसंती दिली. भारतात ही तपासणी नियमित व्हायला २०१८ उजाडले.