धर्मादाय संस्था आणि वैद्यकीय संशोधनातील सरकारी गुंतवणूक (नवी मुंबई)

वैद्यकीय संशोधनासाठी सरकारने तिजोरी उघडावी, म्हणून धर्मादाय संस्थांनी केलेली खटपट. नवी मुंबईत तिचे ठळक फलित खारघरला दिसते. टाटा मेमोरियल केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन संस्था आज केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. तिचे मूळ मात्र टाटांच्या विश्वस्त निधीत सापडते.

उद्योगपती दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावाने रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी निधी स्थापन केला आणि लगेच त्यांचेही निधन झाले. त्यांच्या मागे विश्वस्तांनी परळला उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये, होमी भाभांच्या दूरदृष्टीमुळे, अणुऊर्जा विभागाकडे गेले. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ मध्ये सुरू झालेले कर्करोग संशोधन केंद्र १९६६ मध्ये त्याच छत्राखाली आले आणि २००२ च्या सुमारास परळहून खारघरला हलले; तेच आजचे ॲक्ट्रेक. आधी संस्था उभी करायची, मग ती सरकारच्या पदरात घालायची, अशी ही रीत. निवेदने देत बसण्यापेक्षा ही रीत अधिक फळाला आली, असे म्हणायला हरकत नाही. २०२१ मध्ये ॲक्ट्रेकच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात भारतीय बनावटीच्या कार-टी पेशी उपचाराची (यात रुग्णाच्याच प्रतिकारक पेशी बदलून कर्करोगाविरुद्ध वापरतात) पहिली मानवी चाचणी सुरू झाली. त्यातून तयार झालेल्या ‘नेक्सकार१९’चे ४ एप्रिल २०२४ रोजी आयआयटी मुंबईत राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पण झाले.

आकडे गोळा करणे हाही सरकारकडे आग्रह धरण्याचाच एक प्रकार. इंडियन कॅन्सर सोसायटी या सेवाभावी संस्थेने १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा (आयसीएमआर) राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम त्यानंतर जवळपास दोन दशकांनी, १९८१ मध्ये आला.

डोळ्यांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. पनवेलचे लक्ष्मी नेत्र रुग्णालय आणि नवीन पनवेलचे शंकरा नेत्र रुग्णालय ही धर्मादाय रुग्णालये आहेत. अशा रुग्णालयांची कामाची पद्धत ठरलेली असते: गावात शिबिर, मोतीबिंदू पिकलेल्या आजी-आजोबांची निवड, गाडीने रुग्णालयात आणणे, भिंग बसवणे, दुसऱ्या दिवशी पट्टी काढून तपासणी. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्यातून स्वयंसेवी संस्थांना अनुदान मिळते ते प्रत्येक शस्त्रक्रियेमागे. म्हणून केसपेपरवर चिकटवलेल्या भिंगाच्या लेबलाला हिशेबात मोल असते. साहजिकच संस्थांची मागणीही दर वाढवा, थकबाकी द्या, एवढ्यावर थांबते. संशोधनाला या अनुदानाच्या चौकटीत जागाच नाही.

खरे तर गरज मोठी आहे. २०१५–१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमधील सुमारे ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे आढळले. त्यावर शस्त्रक्रिया आहे. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत आणता येत नाही आणि मधुमेहाने बिघडलेले दृष्टिपटल पूर्ववत होईलच असे नाही. तिथे नवे उपचारच शोधावे लागतील.

अशा संशोधनासाठी सरकारकडे आग्रह धरता येतो. अमेरिकेत उद्योजक ज्यूल्स स्टाइन यांनी १९६० मध्ये अंधत्व प्रतिबंधक संशोधनासाठी संस्था काढली, काँग्रेसमध्ये (तिथल्या संसदेत) चिकाटीने पाठपुरावा केला आणि १९६८ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय नेत्र संस्थेचा कायदा झाला. आपल्याकडे ‘व्हिजन २०२०’ हा नेत्रसेवी संस्थांचा मंच धोरणाबाबत बोलतो, पण त्याचा भर सेवेवर आहे. दिल्लीच्या एम्समध्ये १९६७ पासून राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्र आहे. आयसीएमआरने क्षयासाठी चेन्नईत, कुष्ठरोगासाठी आग्र्यात, विषाणूंसाठी पुण्यात संस्था चालवल्या आहेत. यांपैकी पुण्याची संस्थाही १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशन या धर्मादाय संस्थेच्या मदतीनेच सुरू झाली होती. नेत्ररोगांसाठी मात्र आयसीएमआरची स्वतंत्र संस्था नाही.