जोर द्यायचा कसा? हुंडीला विचारा!

प्रबंधाचा मसुदा लिहिताना सगळ्यात जास्त झिजणारं बटण कोणतं? ‘बोल्ड’! एका परिच्छेदात सहा शब्द ठळक, दोन अधोरेखित आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं. वाचणाऱ्याला वाटतं, हा ओरडून का राहिला बावा?

हे बटण नव्हतं तेव्हा लोक कागदावर जोर कसा देत होते?

मोडी लिपी घ्या. आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचं. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. मराठीत ती रुळली १९व्या शतकात. त्यात मेजर कँडी यांचा वाटा मोठा. इंग्रजीसारखी मोठी अक्षरं तर आपल्याकडे आजही नाहीत. मग जोर भाषेतच बसवलेला असायचा. ‘एक भाव’ आणि ‘एकच भाव’ यातला फरक इतवारीतल्या कोणत्याही गिऱ्हाईकाला विचारा. एका ‘च’मध्ये घासाघीस बंद!

पण पैशाचा मामला असला की ‘च’ पुरत नाही. व्यापारी पेठांमध्ये हुंडी चालायची, म्हणजे दुसऱ्या गावी रक्कम चुकती करायचा लेखी आदेश. तिच्यात रक्कम आकड्यात यायची, अक्षरात यायची आणि वर ‘निमे’ यायचं, म्हणजे अर्धी रक्कम. हजाराची हुंडी असेल तर: रुपये १०००, निमे पाचशे, त्याचे दुप्पट पुरे एक हजार. कोणी एक शून्य वाढवून १०,००० केले, तरी ‘निमे पाचशे’ त्याला पकडून देणार. विज्ञानवाल्यांच्या भाषेत हा चेकसम झाला.

१८८१च्या परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १८ही हेच बघतं: आकडा आणि अक्षर जुळले नाहीत, तर अक्षरी रक्कम खरी. चेकवर शेवटी ‘फक्त’ लिहितो, तेही पुढे कोणी काही जोडू नये म्हणून.

आता आपल्या प्रबंधाकडे या. बोल्ड म्हणतो, ‘मला हे महत्त्वाचं वाटतं.’ निमे म्हणतं, ‘घे, तपासून बघ.’ परीक्षकाला दुसरं हवं असतं. जो निष्कर्ष चुकला तर अख्खं प्रकरण कोसळेल, तो शोधा. तिथे तोच आकडा दुसऱ्या, स्वतंत्र पद्धतीने काढून शेजारी ठेवा. दोन्ही जुळले, तर साध्या अक्षरातही जोर येतो. नाही जुळले, तर ते व्हायव्हाच्या आधी कळलेलं बरं!