नजरेआडची दोरी
वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. म्हणून वारा वाढताच शीड आखडावे लागते. पूर्वी मोठ्या जहाजांवर खलाशी डोलकाठीवर चढून, परबाणावर ओणवे होऊन ते बांधत. तोल गेला की खाली समुद्र! १८५० मध्ये कनिंगहॅम या ब्रिटिश माणसाने डेकवरूनच शीड गुंडाळण्याची युक्ती काढली.

पुढे विसाव्या शतकात छोट्या नौकांवर शिडाखालची दांडी, म्हणजे बूम, पोकळ ॲल्युमिनियमची झाली आणि आखडण्याची दोरी तिच्या पोटात गेली. जिवाचा धोका कमी झाला; पण कप्पीवर झिजणारी दोरी आता दिसेना. वेळीच लक्षात आले, तर तिच्या टोकाला नवी दोरी शिवून जुनी ओढून काढायची. परकराची नाडी आपण अशीच बदलतो. तुटल्यावर मात्र दांडीची टोके उघडून आत तार सारावी लागते, आणि वारा तोवर थांबत नाही.