कात्री, खळ आणि क्लिपबोर्ड

गेल्या दिवाळीतली पाडव्याची दुपार. फराळाच्या ताटल्या अजून उचलायच्या होत्या, तोच आमच्या नातवाने एक खेळ काढला. प्रत्येकाने संगणकावर शेवटचे काय 'कॉपी' केले ते जसेच्या तसे सांगायचे, लपवाछपवी नाही! सूनबाईंचा निघाला आगगाडीच्या आरक्षणाचा क्रमांक, चिरंजीवांचा बँकेच्या शाखेचा संकेतांक. खुद्द नातवाने 'माझा आवडता सण' या निबंधातला एक परिच्छेद कुठून तरी उचलला होता, तो उघडा पडला आणि हशा पिकला. मग सगळे माझ्याकडे वळले. मी घसा खाकरला, आणि पाळी टाळण्यासाठी इतिहास सांगायला घेतला. म्हाताऱ्या माणसांची ही जुनी युक्ती आहे!

माझा उभा जन्म वृत्तपत्राच्या कचेरीत गेला. आमच्या टेबलावर दोन हत्यारे कायमची असत : लांब पात्यांची कात्री आणि आंबूस वासाचे खळीचे भांडे. बातमीतला तिसरा परिच्छेद वर हवा असला की तो कापायचा आणि वर डकवायचा. कापलेला चिटोरा डकवीपर्यंत डोळ्यांसमोर पडून असे, हे मात्र ध्यानात ठेवा.

अगदी असाच उद्योग अमेरिकेत बोस्टनजवळच्या 'जिन' या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेत चाले. ही संस्था झेरॉक्स कंपनीच्या मालकीची, आणि झेरॉक्सचे संशोधनकेंद्र होते दूर कॅलिफोर्नियात, पालो आल्टोला. तिथे १९७३ साली लॅरी टेस्लर नावाचा अठ्ठावीस वर्षांचा तरुण रुजू झाला. जिनकडून टिम मॉट आला. संपादकांना संगणकावर काम करता यावे, अशी सोय या दोघांना करायची होती.

केंद्रात 'ब्राव्हो' नावाची लेखनाची व्यवस्था होती, पण तिच्यात एक मेख होती. तीच कळ कधी अक्षर उमटवी, तर कधी हुकूम बजावी. हुकमाची वेळ आहे हे विसरून कुणी इंग्रजीत 'एडिट' हा चार अक्षरी शब्द टंकला, की ई म्हणजे सगळे निवड, डी म्हणजे पूस, आय म्हणजे नवे घाल, आणि घालायला उरला एकटा टी! पानेच्या पाने नाहीशी होऊन पडद्यावर एक अक्षर शिल्लक! टेस्लरला या प्रकाराची इतकी चीड, की पुढे त्याने आपल्या मोटारीच्या पाटीवरही 'नो मोड्स' असे लिहवून घेतले.

या दोघांनी संपादक मंडळी प्रत्यक्षात काम कसे करतात ते पाहिले, आणि १९७५ च्या सुमारास 'जिप्सी' नावाची व्यवस्था सिद्ध केली. माऊसने मजकूर निवडायचा, कापायचा, हवा तिथे डकवायचा. पाहता पाहता कात्री आणि खळ पडद्याआड गेली. नावे तेवढी राहिली, 'कट' आणि 'पेस्ट'. १९८० साली टेस्लर ॲपलमध्ये गेला. १९८३ च्या लिसा आणि १९८४ च्या मॅकिंटॉश या संगणकांमुळे ही सोय सामान्यांच्या हाती आली. एक्स, सी आणि व्ही या शेजारणी कळा तेव्हापासूनच्या. एक्स दिसतो कात्रीसारखा, सी हे कॉपीचे आद्याक्षर, आणि व्ही त्यांच्या लगतचा.

उचललेला मजकूर मधल्या वेळात राहतो त्या जागेला नाव मिळाले 'क्लिपबोर्ड'. परीक्षेला मुले चिमट्याचे पॅड नेतात ना, तेच! पण हा चिमटा मोठा विचित्र. त्यात एका वेळी एकच चिटोरा मावतो. दुसरा लावला की पहिला गुपचूप नाहीसा होतो. मागचे काही चिटोरे जपून ठेवण्याची सोय विंडोज १० मध्ये आली ती थेट २०१८ साली. शिवाय या चिमट्यावर परक्याची नजरही पडू शकते. म्हणून २०२० पासून ॲपलचे फोन, कुठल्या ॲपने तो वाचला हे मालकाला सांगू लागले. त्याच वर्षी, १६ फेब्रुवारीला, टेस्लर वारला.

"आजोबा, इतिहास झाला; तुमचं काय ते सांगा!" नातू म्हणाला. मी गप्प बसलेला पाहून तो माझ्या संगणकापाशी गेला. "बरं, राहू द्या. टेस्लरचं नाव तेवढं उचलून शोधतो."

"थांब!" मी जवळजवळ ओरडलोच. "तिथं आता दुसरं काही उचलू नकोस."

सगळे चपापले. मग मला सांगावेच लागले. घराच्या वाटणीवरून ताईचे आणि माझे बिनसले, त्याला अकरा वर्षे झाली होती. त्या सकाळी मी एक ओळ लिहिली होती : 'ताई, उद्या ओवाळून घ्यायला येऊ का?' पाठवण्यासाठी ती उचलली, तिच्या नावापर्यंत गेलो, आणि हात थबकला. कचेरीतल्या टेबलावर असा चिटोरा पडलेला दिसला असता तर त्याने मला दिवसभर टोचले असते. इथे तो दिसतही नव्हता. पोराने एक शब्द उचलला असता की कायमचा गेला असता, आणि मलाही मनातून जरा बरेच वाटले असते.

कुणी काही बोलले नाही. सूनबाई उठून ताटल्या गोळा करू लागल्या. नातवाने खुर्ची सोडली. मी तिथे बसलो, चष्मा पुसला, आणि व्हीची कळ दाबली.

उत्तर तासाभराने आले. ताईने लिहिले होते : 'जेवायलाच ये. करंज्या ठेवल्यात.'